बालपणीचा लठ्ठपणा : उपचाराचे एकक संपूर्ण घर

रायपूर : कुपोषणाशी दीर्घकाळ झुंज देणाऱ्या छत्तीसगडमध्ये आता मुलांच्या अतिरिक्त वजनाचा प्रश्नही डोके वर काढू लागला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातील पाच वर्षांखालील २.९ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले. त्याच फेरीत राज्यातील ३१.३ टक्के बालके कमी वजनाची, तर ३४.६ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी असल्याचे नोंदवले गेले.

एकाच राज्यात, एकाच वस्तीत आणि कधी कधी एकाच घरात ही दोन टोके एकत्र नांदत आहेत. त्यामुळे लठ्ठ मुलाला कमी वाढायचे आणि हडकुळ्या मुलाला जास्त, इतका सोपा हिशेब येथे लागू पडत नाही. बालपणीच्या लठ्ठपणावर जगभरात ज्या उपाययोजनेच्या बाजूने सर्वाधिक पुरावा जमा झाला आहे, ती कुटुंबकेंद्री कार्यक्रमांची आहे. या पद्धतीत उपचार एकट्या मुलावर केले जात नाहीत. घरातील खरेदी, स्वयंपाक, जेवणाच्या वेळा, दूरचित्रवाणी व मोबाइलचा वापर, खेळ, झोप आणि आईवडिलांच्या स्वतःच्या सवयी बदलल्या जातात. छत्तीसगडसारख्या राज्यासाठी या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे, कारण सुधारलेले स्वयंपाकघर दोन्ही टोकांच्या मुलांच्या उपयोगी पडते.

प्रश्नाचे आकारमान

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये जगातील ५ ते १९ वयोगटातील ३९ कोटींहून अधिक मुले व किशोरवयीन अतिरिक्त वजनाचे होते. त्यांपैकी सुमारे १६ कोटी लठ्ठ या वर्गात मोडत होते. १९९० मध्ये या वयोगटात अतिरिक्त वजनाचे प्रमाण ८ टक्के होते, ते २०२२ मध्ये २० टक्के झाले. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आणखी एक नोंद आहे. ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांचे जागतिक प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) प्रथमच अधिक झाले आहे.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतात २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातील सुमारे १ कोटी २५ लाख मुले लठ्ठ होती : ७३ लाख मुलगे आणि ५२ लाख मुली. १९९० मध्ये हीच संख्या सुमारे ४ लाख होती. देशातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) शालेय वयातील सुमारे ४ टक्के आणि किशोरवयातील सुमारे ५ टक्के मुले अतिरिक्त वजनाची किंवा लठ्ठ आढळली. टक्केवारी लहान दिसत असली, तरी भारताच्या लोकसंख्येत ती कोटीच्या घरात जाते.

आईवडिलांच्या पिढीचे आकडेही याच दिशेने निर्देश करतात. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे होते. चौथ्या फेरीत ही प्रमाणे अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होती. मूल आणि पालक एकाच घरात, एकाच कढईतील अन्न खात एकाच दिशेने जात आहेत. उपचाराचा विचार घरापासून सुरू करण्यामागे हेच कारण आहे.

मोजमाप कसे करतात

मूल लठ्ठ आहे की नाही, हे नजरेने ठरवता येत नाही. त्यासाठी शरीर वस्तुमान निर्देशांक, अर्थात बीएमआय, काढला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. प्रौढांसाठी ठरावीक मर्यादा असते. मुलांच्या बाबतीत मात्र हा आकडा वय व लिंगानुसार तयार केलेल्या वाढतक्त्यावर ताडून पाहावा लागतो.

भारतीय मुलांसाठी असे तक्ते तयार करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्यातील बालरोग अंतःस्रावतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामावर आधारलेले ५ ते १८ वयोगटाचे सुधारित तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. भारतीयांमध्ये कमी बीएमआय असतानाही मधुमेह व हृदयविकाराचा धोका सुरू होतो, हे लक्षात घेऊन त्यांत प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे अतिरिक्त वजन आणि लठ्ठपणा यांसाठी आखण्यात आल्या आहेत. बालपणीच्या लठ्ठपणाची तपासणी, प्रतिबंध व उपचार यांविषयीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे याच संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली.

घरच्या घरी करता येण्याजोगी आणखी एक चाचणी आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर पोटाभोवतीची चरबी वाढली असल्याची ती सूचना समजावी आणि मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

सडपातळ दिसणारे शरीर, लपलेली चरबी

कुपोषण आणि लठ्ठपणा ही परस्परविरोधी टोके वाटतात. त्यांच्यातील नाते उलगडून दाखवणारे महत्त्वाचे संशोधनही महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांमध्ये गरोदर माता व त्यांच्या बालकांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. वजन, स्नायू आणि अवयवांचा आकार यांत भारतीय बाळे बरीच मागे असली, तरी त्वचेखालील चरबीत ती तितकी मागे नव्हती. ‘सडपातळ पण चरबीयुक्त’ भारतीय बाळ ही संकल्पना यातून पुढे आली.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती.

छत्तीसगडच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. जन्मतः कमी वजन असलेले मूल पुढे भरपूर तेल, साखर आणि कमी हालचाल यांच्या वातावरणात वाढले, तर त्याच्या शरीरात स्नायूंपेक्षा चरबी वेगाने साठण्याचा धोका असतो. ‘आधी बाळसे धरू दे, मग पाहू’ हा विचार अशा मुलाच्या बाबतीत महागात पडू शकतो. म्हणूनच लठ्ठपणाविरुद्धची मोहीम कुपोषणविरोधी मोहिमेच्या विरोधात उभी करता येत नाही. दोन्हींचा भर अन्नाच्या गुणवत्तेवर असावा लागतो.

पद्धतीचा उगम आणि पुरावा

कुटुंबकेंद्री वर्तनोपचाराचा पाया अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टीन यांनी घातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पिट्सबर्ग येथे त्यांनी ६ ते १२ वयोगटातील लठ्ठ मुले व त्यांचे पालक यांच्यावर प्रयोग केले. कुटुंबांचे गट पाडण्यात आले. आहार व व्यायामाची माहिती सर्वांना सारखीच देण्यात आली. फरक होता तो वजन व सवयींतील बदलासाठी कोणाला जबाबदार धरून प्रोत्साहन द्यायचे, यात. एका गटात मूल व पालक दोघांना, दुसऱ्यात केवळ मुलाला, तर तिसऱ्यात केवळ उपस्थितीबद्दल प्रोत्साहन देण्यात आले.

दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अपेक्षित वजनापेक्षा किती टक्के अधिक वजन आहे, हा त्यांचा मापदंड होता. मूल व पालक अशा दोघांना सहभागी करून घेतलेल्या गटात तो दहा वर्षांत ७.५ टक्क्यांनी घटला. केवळ मुलावर लक्ष दिलेल्या गटात ४.५ टक्क्यांनी आणि तिसऱ्या गटात १४.३ टक्क्यांनी वाढला. सल्ला एकच असूनही परिणाम वेगळा झाला, तो पालकांच्या सहभागामुळे. पालकाचे वजन जितके घटते, तितका मुलाला लाभ होण्याची शक्यता वाढते, असेही पुढील अभ्यासांत आढळले.

इस्रायलमधील मोरिया गोलान यांनी १९९० च्या दशकात एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या प्रयोगातील एका गटात मुलांना बोलावलेच नाही; सत्रे फक्त आईवडिलांसाठी घेतली. या गटातील मुलांच्या वजनातील सुधारणा थेट मुलांना सत्रांना बसवलेल्या गटाहून सरस ठरली. लठ्ठपणाचा शिक्का न बसताही मुलावर उपचार होऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

एपस्टीन व सहकाऱ्यांचा ४५२ कुटुंबांवरील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या संशोधन केंद्रांऐवजी नेहमीच्या बालरोग दवाखान्यांतून हा कार्यक्रम दोन वर्षे राबवण्यात आला. मुले व पालक यांच्यासह, प्रत्यक्ष उपचारात नसलेल्या भावंडांनाही त्याचा लाभ झाला. घरात येणारे अन्न बदलले की ते सर्वांच्याच ताटात पडते, हे त्यामागचे साधे कारण.

कार्यक्रमात काय घडते

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार परिणामकारक कार्यक्रमात ३ ते १२ महिन्यांच्या कालावधीत किमान २६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क अपेक्षित आहे. दर आठवड्याला एक तास धरला, तर हे सहा महिन्यांचे काम होते. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या ‘मेंड’ या कार्यक्रमात ८ ते १२ वर्षांची मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी नऊ आठवड्यांत दोन-दोन तासांची १८ सत्रे होती.

या कार्यक्रमांचे ढोबळ टप्पे सारखे असतात. सुरुवातीला घरातील सवयींची नोंद ठेवली जाते : कोण, केव्हा, काय आणि कोठे बसून खाते, पडद्यासमोर किती वेळ जातो, मूल किती झोपते. ही वही मुलाबरोबर पालकही भरतात. दुसऱ्या टप्प्यात घरातील परिस्थिती बदलली जाते. डब्यात नसलेला पदार्थ मागता येत नाही. त्यामुळे मुलाच्या संयमाची परीक्षा घेण्यापेक्षा तो पदार्थ घरात न आणणे अधिक सोपे असते. तिसऱ्या टप्प्यात लहान, मोजता येण्याजोगी उद्दिष्टे ठरतात, जसे की आठवड्यातील पाच दिवस शीतपेय नाही किंवा रोज रात्री जेवण एकत्र आणि दूरचित्रवाणी बंद. उद्दिष्ट गाठल्याचे बक्षीस खाऊच्या रूपात दिले जात नाही. बागेत फेरी, आवडता खेळ, आईवडिलांसोबतचा वेळ असे ते असते.

एपस्टीन यांनी अन्नपदार्थांची विभागणी वाहतुकीच्या सिग्नलप्रमाणे केली होती. हिरव्या गटातील पदार्थ मनसोक्त, पिवळ्यातील बेताने, तर लाल गटातील क्वचित आणि मोजून. या पद्धतीत कोणत्याही पदार्थावर कायमची बंदी नसते. लाल पदार्थ आठवड्यातून किती वेळा, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवायचे आणि सर्वांनीच पाळायचे असते.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणीही अनेक कार्यक्रमांत शिकवली जाते. काय, केव्हा आणि कोठे खायला द्यायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने. भारतीय घरांना हा नियम सुरुवातीला पचनी पडत नाही. ‘ताटात काही टाकायचे नाही’, ‘हा शेवटचा घास माझ्यासाठी’ या आपल्याकडच्या प्रेमळ सक्तीमुळे पोट भरल्याची जाणीव ओळखण्याची मुलाची क्षमता हळूहळू बोथट होते. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला कमी वाढणे आणि भूक असल्यास मुलाला पुन्हा मागू देणे. यात अन्नही वाया जात नाही.

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत उद्दिष्ट वजन घटवण्याचे नसून ते स्थिर ठेवण्याचे असते. उदाहरणार्थ, १४० सेंटिमीटर उंची व ४५ किलो वजन असलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय सुमारे २३ येतो. वर्षभरात त्याची उंची १४५ सेंटिमीटर झाली आणि वजन ४५ किलोच राहिले, तर बीएमआय सुमारे २१.४ वर येतो. वाढती उंची अर्धे काम करते. उपासमारीची गरज नसते. वाढीच्या वयात ती घातकच ठरते. अतिशय तीव्र लठ्ठपणा किंवा त्यातून उद्भवलेले आजार असल्यास वजन घटवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

रायपूरच्या स्वयंपाकघरात

परदेशात तयार झालेला तक्ता जसाच्या तसा येथे उपयोगी पडत नाही; मात्र त्याचे तत्त्व स्थानिक थाळीला सहज लागू करता येते. ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राज्यात भात हा जेवणाचा कणा आहे. लाल भाजी, चेच भाजी, चरोटा भाजी अशा पालेभाज्यांची येथील परंपरा समृद्ध असून, त्या, तसेच दुधी, दोडका, काकडी यांचा समावेश हिरव्या गटात करता येतो. भात, पोळी, डाळ, कमी तेलातील चीला, वाफवलेला फरा आणि आंबवलेल्या भाताची बोरे-बासी पिवळ्या गटात बसतात. तळलेली ठेठरी, गुळाची खुरमी, मराठी अनारशांशी नाते सांगणारा अइरसा, समोसे, कचोरी आणि शीतपेये लाल गटात जातात.

तीजा-पोरा, हरेली यांसारख्या सणांना ठेठरी-खुरमी घरोघरी होणारच. त्यांच्यावर बंदी घालणारा कार्यक्रम पहिल्याच सणाला कोसळेल. सणाच्या दिवशी मनापासून खावे. डबा मात्र महिनाभर पुरेल इतका भरू नये, असा तोडगा व्यवहार्य ठरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडमध्ये स्थायिक झालेल्या आणि रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनी आदी भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शंकरपाळे, चकली, चिवड्यालाही हाच नियम लागू होतो.

रोजची साखर हा सणाच्या फराळापेक्षा मोठा प्रश्न आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्याचे निर्देश दिले. रोजच्या ऊर्जेत साखरेचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असावा, प्रत्यक्षात तो ४ ते १० वयोगटात १३ टक्के आणि ११ ते १८ वयोगटात १५ टक्के असल्याचे त्या परिपत्रकात नमूद करण्यात आले होते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतात. त्यांचे ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, म्हणजेच चार चमचे साखर. ३०० मिलिलिटर शीतपेयाच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. एका बाटलीतच दिवसाचा वाटा ओलांडला जातो.

शाळांच्या आवारात तसेच आवारापासून ५० मीटरच्या परिसरात अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्येच शालेय उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचे आदेश दिले होते. तथापि, शाळेतील फलक आणि घरातील कपाट यांत विसंगती राहिली, तर मूल कपाटाचे ऐकते.

आजी-आजोबा आणि ‘खात्यापित्या घरचे’ मूल

पाश्चात्त्य कार्यक्रमांत कुटुंब म्हणजे आई, वडील व मुले. येथे त्यात आजी-आजोबा, काका-काकू येतात आणि अनेकदा स्वयंपाकघराची सूत्रे आजीच्या हाती असतात. दुष्काळ आणि पोटासाठी स्थलांतर यांच्या आठवणी ज्या पिढीने जवळून पाहिल्या, तिच्यासाठी गुटगुटीत नातवंड हे भरल्या घराचे लक्षण असते. त्या भावनेला चूक ठरवून उपचार पुढे जात नाहीत. आजीला सत्रात बोलावणे, तिच्या जुन्या पालेभाज्या व डाळींच्या पाककृतींना कार्यक्रमात मान देणे आणि लाड करण्याचे दुसरे मार्ग तिच्याशी बोलून ठरवणे, हे अधिक फलदायी ठरते.

एका घरात एक मूल लठ्ठ आणि दुसरे हडकुळे असेल, तर वेगवेगळी ताटे वाढण्याचा मोह होतो. त्यामुळे एका मुलाला शिक्षा आणि दुसऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखे होते. प्रत्यक्षात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पालेभाज्या व फळे यांची गरज दोघांनाही असते, आणि पाकीटबंद चिप्स व शीतपेयांची दोघांनाही नसते. ताट एकच राहते. प्रमाण भुकेनुसार बदलते. हडकुळ्या मुलाला जास्तीची ऊर्जा द्यायची असल्यास ती तळलेल्या खाऊऐवजी याच पदार्थांतून देता येते.

घरात वापरले जाणारे शब्दही उपचाराचा भाग आहेत. ‘जाड्या’, ‘गोलू’, ‘मोटू’ अशी टोपणनावे कौतुकाने ठेवली जातात, परंतु चिडवणुकीचा अनुभव घेतलेली मुले खेळापासून दूर राहतात आणि एकटेपणात अधिक खातात. म्हणून प्रशिक्षित सल्लागार वजनाविषयी कमी आणि ताकद, दम, झोप यांविषयी अधिक बोलतात. योग्य देखरेखीखालील कार्यक्रमांमुळे मुलांमध्ये खाण्याचे विकार वाढत नाहीत, असे अभ्यासांत आढळले आहे. परस्पर सुरू केलेल्या कडक डाएटबाबत तशी हमी देता येत नाही.

खेळ, पडदा आणि झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मते दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये, २ ते ५ वर्षांच्या मुलांना देखरेखीखाली एक तासापर्यंत, तर ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आतच तो मिळावा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

एप्रिल ते जून या काळात रायपूरचा पारा वारंवार चाळिशी ओलांडतो. या महिन्यांत दुपारी मैदानावर जा, हा सल्ला निरर्थक आहे. तेलीबांधा किंवा बूढा तालाब परिसरात पहाटे वा सूर्यास्तानंतर कुटुंबाने एकत्र मारलेली फेरी अधिक शक्य कोटीतील असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी, फुगडी, पिट्ठूल, भौंरा, बांटी असे १४ पारंपरिक खेळ होते. मराठी वाचकांना त्यातील लगोरी, भोवरा व गोट्या सहज ओळखता येतील. फुगडीला मैदान लागत नाही, पिट्ठूलला महागडे साहित्य लागत नाही आणि दोन्हींत आईवडील भाग घेऊ शकतात.

कार्यक्रम राबवणार कोण

या पद्धतीचा सर्वांत मोठा अडसर वेळेचा आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका कुटुंबाला २६ तास देणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही. रायपूरमध्ये २०१२ पासून कार्यरत असलेली एम्स आणि ‘मेकाहारा’ नावाने परिचित असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय येथे बालरोग विभाग आहेत. मात्र निदान व गुंतागुंतीच्या रुग्णांवरील उपचार रुग्णालयात आणि सवयी बदलण्याचे काम वस्तीत, अशी विभागणी केल्याशिवाय हा कार्यक्रम मोठ्या संख्येपर्यंत पोहोचू शकत नाही.

वस्तीतील कामाचा छत्तीसगडचा अनुभव देशाला मार्गदर्शक ठरलेला आहे. राज्याने २००२ मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू केला. पाड्यापाड्यातील महिलांनीच आरोग्य स्वयंसेविका म्हणून काम करण्याची ही पद्धत २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेची पूर्वसुरी मानली जाते. आज राज्यात सुमारे ७० हजार मितानिन आहेत. सरगुजा जिल्ह्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘फुलवारी’ उपक्रमात तर माता स्वतः एकत्र येऊन लहानग्यांना ताजे अन्न शिजवून देऊ लागल्या. कुपोषणाविरुद्ध उभारलेली ही रचना कुटुंबाशी बोलण्याचे, घरातील चूल समजून घेण्याचे कौशल्य बाळगून आहे. लठ्ठपणासाठी नवी फळी उभारण्यापेक्षा याच फळीला उंची-वजनाच्या तक्त्याचे दुसरे टोकही वाचायला शिकवणे कमी खर्चाचे ठरेल. अर्थात, आधीच अनेक कामांचा भार वाहणाऱ्या या महिलांना त्यासाठी प्रशिक्षण, वेळ आणि मोबदला मिळणे आवश्यक आहे.

शाळांच्या पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तपासणीत आढळलेल्या मुलाच्या पालकांना केवळ चिठ्ठी न पाठवता सत्रांसाठी बोलावले गेले, तर साखळी पूर्ण होते. दहा-बारा कुटुंबांचा गट, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि शाळेचा वर्ग, समाजभवन किंवा मंडळाचे सभागृह, एवढ्यावर सत्रे चालू शकतात.

मर्यादा आणि सावधगिरीच्या खुणा

कुटुंबकेंद्री कार्यक्रम रामबाण नाहीत. वजनातील सरासरी बदल माफक असतो, काही कुटुंबे सत्रे अर्ध्यावर सोडतात आणि पाठपुरावा थांबल्यास जुन्या सवयी परततात. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या किंवा भाजीपेक्षा बिस्किटाचा पुडा स्वस्त पडणाऱ्या घरांना केवळ उपदेश करून काहीही साध्य होत नाही. बाजारातील किमती, जाहिराती आणि मोकळी मैदाने हा शासनाच्या अखत्यारीतील भाग आहे; त्याची जबाबदारी आईच्या माथी मारता येत नाही.

काही लक्षणे दिसल्यास घरगुती प्रयत्नांवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. मानेवर वा काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा दिसणे हे त्यांतील पहिले. अनेक घरांत तो मळ समजून घासला जातो. प्रत्यक्षात इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे, वारंवार लघवी व तहान, सततची डोकेदुखी, गुडघे वा कंबरेच्या सांध्यातील दुखणे, मुलींमध्ये अनियमित पाळी यांकडेही दुर्लक्ष करू नये. अति खाण्यामुळे लठ्ठ झालेली मुले सहसा वयाच्या मानाने उंच असतात. मूल लठ्ठ असून उंचीत मागे पडत असेल, तर थायरॉइड वा अन्य अंतःस्रावी दोषाची तपासणी करावी लागते. पाच वर्षांच्या आतच सुरू झालेल्या तीव्र लठ्ठपणामागे जनुकीय कारण असू शकते. औषधे व शस्त्रक्रिया यांचा विचार किशोरवयातील निवडक रुग्णांतच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतो, आणि तेव्हाही घरातील बदल सुरूच ठेवावे लागतात.

दरवर्षी ४ मार्च हा जागतिक लठ्ठपणा दिन म्हणून पाळला जातो. छत्तीसगडमधील आकडे अद्याप लहान आहेत आणि कुपोषणाशी लढण्यासाठी घरोघरी पोहोचणारी यंत्रणा राज्याकडे आधीपासून आहे. प्रमाण वाढण्याआधी याच यंत्रणेमार्फत कुटुंबांसोबत काम सुरू झाले, तर खुजे मूल आणि लठ्ठ मूल या दोघांच्याही ताटात एकाच वेळी सुधारणा घडवणे शक्य आहे.